लहान आग, मोठी आग

शिशिर सरत आला की आमच्या मेहकरच्या शिवारातील उन्हाचा रंग पालटतो. तूर निघालेली असते, हरभऱ्याचे घाटे वाळलेले असतात, आणि बांधांवरचे गवत कुसळांसह पिवळे पडून वाऱ्याबरोबर खसखसू लागते. अशा दिवसांत कोणी विडीचे थोटूक टाकले, किंवा चहासाठी तीन दगड मांडून पेटविलेली चूल न विझविता कोणी उठून गेले, की पुढचे सांगावयास नको. भालकी तालुक्याच्या या टोकास मोठे जंगल नाही. माळ आहे, गायरान आहे. आग लागावयास तेवढे पुरेसे होते.

काही वर्षांपूर्वी येथे घडलेली एक हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. तीत चूक आमची आहे. म्हणून ती सांगण्यास आम्ही इतके दिवस टाळाटाळ केली, हेही कबूल केले पाहिजे.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. गायरानात झाडे लावून तेथे चराईबंदी केली, तेव्हापासून दर मार्गशीर्षात त्यांचा एक नेम असे. पहाटे दव पडलेले असताना दोनतीन पोरांना हाताशी घेऊन ते गायरानाच्या कडेने सहासात पावले रुंदीची एक पट्टी जाळीत जात. हातात ओले पोते, कडुनिंबाचे डहाळे, शेजारी पाण्याच्या दोन घागरी. आग गुडघ्याच्या वर कधी जावयाची नाही, धूरच फार. ऊन चढण्यापूर्वी काम आटोपून आबा घरी भाकरी खावयास जात. हे सारे आम्ही पाहिले होते. पण म्हाताऱ्या माणसाची एक खोड, याहून अधिक महत्त्व आम्ही त्यास दिले नव्हते.

एका वर्षी आबांचे पाहून एका तरुणाने आपला बांध पेटविला. त्याने पाहिले ते अर्धेच. आबा जाळीत मार्गशीर्षात, याने जाळला फाल्गुनात. आबा जाळीत पहाटे, याने निवडली दुपार. वारा फिरला आणि शेजारच्या शेतातील एका विधवा बाईची कडब्याची गंजी बघता बघता भस्म झाली. दावणीचा बैल पाठीवर भाजला. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कडबा गेलेल्या घराची अवस्था शेतकरी वाचकांस निराळी सांगावयास नको.

पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून कडक शब्दांत बोललो. आग ती आग, लहान असो वा मोठी. जो काडी ओढतो तो दोषी, असे आमचे म्हणणे होते. आबा पुढच्या रांगेतच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मात्र त्या वर्षापासून त्यांनी पट्टी जाळणे सोडून दिले, आणि आपल्या शब्दाचा परिणाम झाला म्हणून आम्हांस समाधान वाटले.

तीन पावसाळे गेले. चराईबंदी असल्यामुळे गुरे आत जात नव्हती आणि गवत कापून नेण्याची व्यवस्था कोणी केली नव्हती. जुन्या गवतावर नवे गवत वाढून माळावर कमरेइतकी गादी तयार झाली. चौथ्या वर्षी होळीच्या सुमारास, भर दुपारी, रस्त्याकडून आग आत शिरली. कशी शिरली ते आजवर कळले नाही. दीड तासात गायरानातील कडुनिंब, करंज, सीताफळाची सारी रोपे होरपळली. त्यांतली काही माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. ओढ्याच्या काठाने आग पुढे सरकली आणि त्याच बाईची नवी गंजीही गेली. डहाळ्यांनी आग झोडपताना दोन पोरांचे पाय भाजले. एकास उदगीरला न्यावे लागले.

संध्याकाळी काळ्या पडलेल्या माळाच्या कडेस आबा उभे होते. आम्ही जवळ गेलो, तेव्हा आमच्याकडे न पाहता ते म्हणाले, "फादर, ल्हान आग तुमी बंद केली. थोरली काय कुणाचं ऐकती का?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्याच्या निमित्ताने आम्ही जे वाचले, आणि वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्याशी बोलून जे समजून घेतले, त्यातील काही भाग येथे देत आहोत.

आगीस तीन गोष्टी लागतात: जळावयास काहीतरी, वारा आणि ठिणगी. वारा आपल्या हाती नाही. ठिणगीवर पहारा ठेवता येतो, तोही थोडा; आपल्या देशातील वणवे बहुतेक सारे माणसाच्या हातूनच लागतात, आणि माणसे पुष्कळ आहेत. राहता राहिले जळण. जंगलाच्या जमिनीवर दर वर्षी पाने पडतात, काटक्या पडतात, गवत वाळते. सागाच्या जंगलात तर हिवाळा संपता संपता पत्रावळीएवढाल्या पानांचा खच पडतो. हे जळण थोडे असेल तर आग जमिनीलगत सरपटत जाते आणि मोठ्या झाडांच्या जाड सालीस फारसा धक्का लावीत नाही. पण वर्षानुवर्षे ते साचले, मध्ये झुडपे माजली, वेली वर चढल्या, की जमिनीवरच्या आगीस शिडी मिळते. मग ती शेंड्यावर जाते. शेंड्यावर गेलेली आग माणसाने डहाळ्यांनी विझत नाही.

या ज्ञानाचा इतिहास मोठा वळणाचा आहे. इंग्रजांनी १८६४ साली वनखाते उभारले, तेव्हा युरोपातून आलेल्या वनशास्त्राप्रमाणे आग ही सर्वस्वी शत्रू मानली गेली. त्याच दशकात कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात आगबंदीचा पहिला मोठा प्रयोग केला. तो यशस्वी झाला म्हणून तीच रीत सगळीकडे गेली. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरविला. तो आजही गुन्हाच आहे. पण ब्रह्मदेशाच्या सागवनांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. जेथे आगीचा कडक बंदोबस्त झाला, तेथे सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली. बांबू आणि इतर झुडपे यांनी जागा व्यापली. सागाच्या बीचे कवच कठीण असते, आणि त्याच्या रोपास उघडे आकाश लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पुष्कळ जंगलांतून आगबंदी मागे घ्यावी लागली. साहेबाच्या पुस्तकास साहेबाच्याच जंगलाने खोटे पाडले!

आपल्या कर्नाटकातील उदाहरण याहून बोलके आहे. चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरिरंगन टेकड्यांत सोलिग नावाचे आदिवासी राहतात. हिवाळा सरताना, पाला पुरता वाळण्याच्या आत, हलकी आग फिरविण्याची त्यांची जुनी रीत होती. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणत. आमच्या सीमेवरच्या वाचकांस कानडी समजते. तरगु म्हणजे पाचोळा, बेंकी म्हणजे आग. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही रीत बंद पडली. वन्यजीवांच्या १९७२ च्या कायद्यानेही अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. बंदी घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. आमचाही होता.

बंगळुरास शिकत असताना सुटीत आम्ही त्या टेकड्यांवर गेलो होतो. वाट सोडून दहा पावलेही आत जाता येईना, इतकी घाणेरी माजली होती. ही काटेरी परदेशी झुडपे आपल्याकडील काहीजण टणटणी म्हणून ओळखतात. पांढरीगुलाबी फुले पाहून आम्हांस ती शोभिवंत वाटली होती. अज्ञान म्हणतात ते हेच. पुढे शास्त्रज्ञांनी तेथे मोजणी केली, तेव्हा १९९७ ते २००८ या अकरा वर्षांत घाणेरी असलेल्या जागांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाल्याचे आढळले. सोलिगांचे म्हणणे असे, की हलकी आग असे तोवर घाणेरीची कोवळी रोपे जळून जात. आग थांबली आणि तिने जंगल गिळले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आमच्या मनात विशेष राहिली. आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली आणि आवळे मरू लागले. आगीच्या धगीने व धुराने पूर्वी बांडगूळ आटोक्यात राहत असे, असे त्या लोकांचे निरीक्षण आहे. ज्यांचे पोट आवळा, मध आणि शेवाळफुलावर चालते, त्यांस झाडाकडे पाहण्याची दृष्टी आमच्यासारख्या वाटसरूपेक्षा निराळी असणारच. २०११ साली या सोलिगांच्या वनहक्कांस मान्यता मिळाली.

आता उलट बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही दुसऱ्यांदा चुकू.

या टेकड्यांपासून फार दूर नसलेल्या मुदुमलै येथे जुने नकाशे तपासून अभ्यासकांनी हिशेब मांडला आहे. १९०९ ते १९२१ या काळात एकाच जागेवरून आग फिरण्यास सरासरीने दहा वर्षे लागत. १९८९ ते २००२ या काळात ती सुमारे तीन वर्षांनी फिरू लागली. म्हणजे काही ठिकाणी आग कमी होऊन बिघाड झाला, तर काही ठिकाणी ती अति होऊन. दोनतीन वर्षांनी जाळले तर आज उगवलेले रोप जाड साल धरणार कधी? जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांनी जावे कोठे? महाराष्ट्राच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत मोहाची फुले वेचावयास जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखाली पाला पेटवितात, तेंदूस नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि ती तेथेच थांबत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने याच कारणास्तव तेंदूपाने तोडणेच बंद केले. हातचा पैसा सोडून त्यांनी बांबूवर गुजराण करण्याचे ठरविले. गरीब माणसांनी असा निर्णय घ्यावा, यास मोठी छाती लागते.

तेव्हा प्रश्न आग हवी की नको, असा नाही. कोणती आग, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणाच्या हाताने, हा तो प्रश्न आहे. आबांना तो ठाऊक होता.

वनखात्यासही तो ठाऊक आहे. जंगलाचे तुकडे पाडून त्यांच्या मध्ये जाळरेषा काढण्याची पद्धत जुनी आहे. महाराष्ट्रात वणव्याचा काळ १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्यापूर्वीच या पट्ट्यांवरचे गवत कापून, वाळवून, वारा पडलेला असताना जाळून टाकावयाचे असते. मग वणवा आला तरी उघड्या जमिनीपाशी येऊन उपाशी मरतो. मोठ्या आगीसमोर आपणहून दुसरी आग लावून तिचे खाद्य आधीच संपवून टाकणे, ही दुसरी युक्ती. तीस मात्र फार कसलेला माणूस लागतो. आता उपग्रहावरून आग दिसली की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून त्या त्या भागातील कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर सूचना येते. सूचना आकाशातून येते; विझविणारा मात्र अजून डहाळीच हाती घेऊन धावतो.

त्या धावणाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बंडीपूरच्या जंगलात आग विझविताना एक तरुण वनरक्षक मृत्यू पावला. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्याकडील नागझिऱ्याच्या जंगलात तिघे मजूर जळून गेले. रोजंदारीची माणसे ती. वाऱ्याने पुन्हा पेट घेतला आणि त्यांस बाहेर पडावयास वाट राहिली नाही. जाळरेषा ही कागदावरची रेघ असते तेव्हा कोणाचे फारसे बिघडत नाही. ती वेळेवर निघाली नाही, तर तिची किंमत शेवटी असा कोणीतरी देतो.

बंडीपूरलाच २०१९ च्या फेब्रुवारीत जे घडले ते वाचकांस आठवत असेल. २१ तारखेच्या सुमारास लागलेली आग पाच दिवस चालली; दहा हजारांहून अधिक एकर जंगल गेले; अखेर वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतले. वाळलेले गवत आणि माजलेली घाणेरी यांनी तिला भरपूर खाद्य पुरविले होते. त्याआधीच्या वर्षी, ११ मार्च २०१८ रोजी, तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात सहलीस गेलेली वीसहून अधिक माणसे गवताच्या आगीत सापडून मरण पावली. गवताची आग म्हणून जे हसतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता विरळणीविषयी. शेतकऱ्यास ती शिकवावी लागत नाही. ज्वारी दाट उगवली की तो मधली रोपे उपटतोच. सागाची लागवडही दोन दोन मीटर अंतराने केली म्हणजे हेक्टरी अडीच हजार रोपे होतात, आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, म्हणजे राहिलेल्यांस ऊन आणि ओल मिळते. अमेरिकेच्या पश्चिम भागात हेच काम आगीच्या भीतीने करू लागले आहेत. तेथे शंभर वर्षे प्रत्येक आग विझविण्याचा हट्ट धरला गेला आणि जंगले इतकी दाटली, की आता आग लागली म्हणजे गावेच्या गावे जातात. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाईज नावाचे गाव असेच गेले. त्या आगीत ८५ माणसे मेली. विरळणी करताना तेथे लहान झाडे आणि खालच्या फांद्या काढतात, म्हणजे आगीची शिडीच मोडतात. पण तोडलेला माल तेथेच पडू दिला, तर तेच उत्तम सरपण होते. म्हणून विरळणीनंतर तो माल उचलावा लागतो, अथवा थंडीत जाळावा लागतो. आणि विरळणीच्या नावाखाली ठेकेदाराने मोठी झाडे नेली व काटक्या मागे ठेवल्या, तर ती विरळणी नव्हे, चोरी होय. मोठे झाड आगीत टिकते. तेच विकलेही जाते, ही खरी अडचण आहे.

शहाण्या माणसांच्या हातूनही आग सुटते, याचे उदाहरण न्यू मेक्सिको प्रांतातले आहे. एप्रिल २०२२ मध्ये तेथील सरकारी वनखात्याने योजनापूर्वक लावलेली आग वाऱ्याने हातची गेली. जानेवारीत जाळलेला फांद्यांचा एक ढीग बर्फाखाली धुमसत राहिला होता, तोही जागा होऊन तिला मिळाला. तीन लाख चाळीस हजार एकरांहून अधिक मुलूख जळाला. त्यांत मोरा खोऱ्यातील जुन्या स्पॅनिश कॅथलिक वस्त्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, कुरणे, पाण्याचे पाट गेले. तज्ज्ञ, यंत्रे, हवामानाचे तक्ते, सारे असून हे झाले. राखेखालचा निखारा महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो, हे आमच्या चुलीपुढे बसणाऱ्या माताभगिनींस ठाऊक आहे. वनखात्यास ते त्या वर्षी विसर पडले असावे.

हे सारे वाचून आमच्या तरुणांनी उद्या काडेपेटी घेऊन निघू नये. बीदरजवळची होन्नीकेरी आणि शहापूरची राखीव जंगले असोत, की कलबुर्गीकडील चिंचोळीचे २०११ साली अभयारण्य झालेले जंगल असो, तेथे जाळरेषा काढणे हे वनखात्याचे काम आहे. आपण तेथे शेळ्या घेऊन अथवा सीताफळे आणावयास गेलो, तर काडी खिशातच राहू द्यावी. आपल्या हातात आहे तो आपला बांध आणि आपले गायरान. तेथेही शक्यतो जाळण्याऐवजी गवत कापून न्यावे. चराईबंदीच्या माळावरचे गवत दिवाळीनंतर कापून वाटून घेतले, तर आग उपाशी राहील आणि गुरे पोटभर खातील; आम्ही तीन वर्षे हे सुचविले असते तर! उसाच्या पाचटाचे तेच. ते पेटवून देण्यात अर्ध्या दिवसाची सोय आहे, पण शेताची ओल आणि कस दोन्ही जातात, आणि शेजाऱ्याचा ऊस पेटला तर पिढीजात वैर पदरी पडते.

आग लागलेल्या त्या वर्षीच्या मार्गशीर्षात आम्ही आबांच्या घरी गेलो. वेदीवरून बोललेले शब्द आम्हांस परत घ्यावयाचे होते, आणि ते बंद खोलीत घेणे आम्हांस बरे वाटेना. म्हणून पुढील रविवारी सर्वांसमक्ष घेतले. मग ग्रामपंचायतीस आणि वनखात्याच्या स्थानिक कचेरीस पत्र दिले. गवत कापावयास बारा माणसे आली. कडेची पट्टी कापून आठ दिवस वाळू दिली. नवव्या दिवशी पहाटे वनरक्षक हजर असताना आबांनी मूठभर धूळ वर उडवून वारा पाहिला, नको म्हणाले, आणि सारेजण परत फिरलो. दहाव्या दिवशीही तसेच झाले. पोरे कंटाळली, एकाने तर आबांस वारा दिसतो की काय, असे विचारले. अकराव्या दिवशी त्यांनी धूळ उडविली, ती सरळ खाली पडली.

कडबा गेलेली ती बाई त्या पहाटे दोन घागरी भरून आपल्या नव्या गंजीपाशी उभी होती. काम संपेपर्यंत ती तेथून हलली नाही. आम्ही तिला घरी जावयास सांगितले. ती म्हणाली, "तुमी जावा फादर, मी राख गार व्हवू देते." दुपारी आम्ही पुन्हा त्या बाजूने गेलो, तेव्हा ती पट्टीवरून अनवाणी चालत होती, आणि जेथे पायाला ऊब लागे तेथे ओंजळभर पाणी टाकीत होती.